एक्झॉटिक लाकडाच्या ठोकळ्यांचं मिक्स पाकीट: कुंकवाच्या करंड्यासाठी घ्यावं का?

जे घाईत आहेत त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. पाकीट वाईट नाही, लाकडं अस्सल आहेत, पण लेथवर (लाकूड गोल फिरवत ठेवून कापायच्या यंत्रावर) झाकणाचा करंडा करायचा असेल तर सहापैकी तीनच ठोकळे खरे कामाचे निघाले, आणि दुकानाच्या फोटोत जे सगळ्यात पुढे मांडून ठेवलेले होते ते त्या तिघांत नाहीत. पाचपैकी साडेतीन तारे. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण मी घ्यायच्या आधी मराठीत शोधलं तेव्हा यावर काहीच सापडलं नव्हतं.

पाकीट म्हणजे काय तर सहा वेगवेगळ्या जातींचे चौकोनी ठोकळे, दोन इंच बाय दोन इंच, लांबी सहा इंच, फक्त ब्लॅकवुडचा तुकडा दीड इंची आणि आखूड कारण तो महाग. प्रत्येकावर नावाची चिठ्ठी आणि टोकांना मेण लावलेलं. माझ्याकडे आले ते पडाउक, पर्पलहार्ट, वेंगे, झेब्रानो, ऑलिव्ह आणि आफ्रिकन ब्लॅकवुड. साधारण चाळीस पौंड पडले. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण इथे इंग्लंडमध्ये लेथचं सामान विकणाऱ्या बहुतेकांकडे असं पाकीट थोड्याफार फरकाने मिळतंच, आतली लाकडंही तीच ती फिरत असतात, म्हणून हा रिव्ह्यू दुकानाचा नाही, मालाचा समजा.

आता मी काय बनवते ते सांगते म्हणजे मी कशाला चांगलं म्हणते आणि कशाला वाईट ते कळेल. मी संक्रांतीच्या वाणासाठी कुंकवाचे करंडे करते. इथल्या मैत्रिणींना प्लॅस्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या देऊन कंटाळा आला होता, आणि लेथ घरात होताच. आता कुंकू म्हणजे किती बारीक पावडर ते तुम्हाला माहीतच आहे. झाकण सैल असलं तर पर्समध्ये सगळीकडे लाल, आणि झाकण घट्ट असलं तर त्याहून वाईट, कारण मग बाई दोन्ही हातांनी ओढते, झाकण झटक्यात निघतं आणि कुंकू थेट साडीवर. म्हणजे बटणं, नाणी ठेवायच्या डबीला जे चालतं ते करंड्याला चालत नाही. झाकण दोन बोटांनी निघालं पाहिजे, निघताना आत हवा ओढल्यासारखी जरा जाणवली पाहिजे, आणि करंडा उलटा धरला तरी ते पडता कामा नये. हे ज्या दिवशी बनवलं त्या दिवशी जमणं फार अवघड नाही. अवघड आहे ते पुढच्या वर्षीही तसंच बसणं, आणि ते ९० टक्के लाकडावर असतं. म्हणून माझ्यासाठी लाकडाचा रंग, रेघा, वास हे सगळं नंतर, पहिला प्रश्न एकच की वर्षभराने झाकण कसं बसतंय.

ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ठोकळा आधी दोन सेंटरमध्ये, म्हणजे लेथच्या दोन टोकदार आधारांमध्ये, धरून गोल करायचा, दोन्ही टोकांना चकमध्ये (लेथच्या जबड्यात) पकडायला टेनन, म्हणजे आखूड गोल खुंटी, काढायचा, मग पातळ पार्टिंग टूलने, म्हणजे लाकूड कापून वेगळं करायच्या हत्याराने, झाकण आणि खालचा भाग वेगळे करायचे. इथे टूल जितकं पातळ तितकं चांगलं, मी दीड-दोन मिलिमीटरचंच वापरते, कारण जेवढं लाकूड इथे वाया जातं तेवढा झाकणावरच्या आणि खालच्या रेघांचा मेळ तुटतो. मग आधी झाकण आतून पोखरायचं, त्याच्या आतल्या कडेच्या भिंती अगदी सरळ ठेवायच्या, जराही उतार नको. हे सगळ्यात महत्त्वाचं. झाकणाची आतली कड तिरकी राहिली तर पुढे कितीही मेहनत घ्या, झाकण एका जागी अडकतं आणि दुसरीकडे डुगडुगतं. नंतर खालच्या भागाला गळा काढायचा, म्हणजे झाकण ज्यावर बसतं ती कड, चार-पाच मिलिमीटर उंचीचा, आणि तो आधी मुद्दाम घट्ट ठेवायचा म्हणजे झाकण त्याच्यावरच दाबून बसवून झाकणाचा माथा आणि बाहेरचा सगळा आकार एकदमच पूर्ण करता येतो. मग झाकण काढून खालचा भाग पोखरायचा आणि सगळ्यात शेवटी गळा हळूहळू हवा तेवढा सैल करायचा. शेवटीच का, तर पोखरल्यावर लाकडातला ताण मोकळा होतो आणि गळा जरासा आकार बदलतो, आधीच नेमकं माप करून ठेवलं तर ते माप टिकत नाही. मापायला मी व्हर्नियर वापरते पण शेवटचं माप हातालाच कळतं. स्क्रेपर, म्हणजे खरवडायचं हत्यार, गळ्याला नुसता टेकवायचा, धुरळा पडेल एवढंच, मशीन बंद करायचं, झाकण लावून बघायचं, परत. बोटांनी झाकण जरा फिरवलं की जिथे घासतं तिथे गळ्यावर चकचकीत पट्टा दिसतो, फक्त तो पट्टा उतरवायचा, बाजूला हात लावायचा नाही.

लाकडाचे तंतू करंड्याच्या उभ्या दिशेने ठेवतात, आडवे नाही, म्हणजे आत पोखरताना तुम्ही तंतूंच्या टोकांवर काम करत असता. लाकूड सुकताना किंवा दमट होताना उंचीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीतच बदलतं, आणि रुंदीत पण दोन दिशांना वेगवेगळं. झाडाच्या वर्तुळांच्या दिशेने जास्त, गाभ्यापासून बाहेर जाणाऱ्या दिशेने कमी. म्हणून गोल केलेला करंडा हळूहळू किंचित लंबगोल होतो. झाकण आणि खालचा भाग एकाच ठोकळ्यातून एकाखाली एक काढलेले असले तर दोघं सारखेच लंबगोल होतात, रेघा जुळवून झाकण ठेवलं की बसतं, पाव फेरा फिरवून ठेवलं की अडतं. म्हणून माझ्याकडून करंडा घेणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते की रेघा जुळवून झाकण लाव. पण काही लाकडं मुळातच इतकी हलतात, म्हणजे आकार बदलतात, की रेघा जुळवूनही उपयोग नाही, आणि पाकिटात पण तशी होतीच.

आता एकेक.

झेब्रानो. पाकिटाच्या फोटोत सगळ्यात पुढे हाच, फिकट पिवळसर लाकडावर काळपट तपकिरी पट्टे, कॅमेरून-गॅबोनकडचं झाड. दिसायला छान यात वाद नाही. पण हे लाकूड ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत आडवं जवळपास १० टक्के आकसतं, पडाउक त्याच्या निम्म्यावर. पोत जाडा, छिद्रं मोठी, तंतू एकमेकांत गुंतलेले. कापताना वासही उग्र, गॅरेजचं दार उघडं ठेवावं लागलं. मी आधी ढोबळ आकार देऊन, भिंती जाड ठेवून काही आठवडे तसंच ठेवलं होतं, तसं सगळीच लाकडं ठेवते, आणि मग पक्का आकार दिला. तरीही हीटिंग सुरू झालं तसं झाकण एका बाजूने चिकटायला लागलं. शिवाय मोठ्या छिद्रांत कुंकू जाऊन बसतं ते निघत नाही, पिवळ्या लाकडावर लाल ठिपके. करंड्यासाठी नको. साधा पेनस्टँड, झाकण नसलेलं काहीतरी करा, तिथे शोभेल.

वेंगे. काँगो बाजूचं, जवळजवळ काळं, बारीक तपकिरी रेघा. हे मला अजिबात आवडलं नाही आणि त्याचं पहिलं कारण कुसळं. इतर लाकडांचे ढलपे हाताला लागतात, याची बारीक कुसळं कातडीत शिरतात आणि तिथे सूज येते, पिकतं सुद्धा, हे लेथवाले सगळेच सांगतात. गळ्याची पातळ कड काढताना कडेचे कण तुटून पडतात, म्हणजे जिथे सगळ्यात धारदार स्वच्छ कोपरा हवा तिथेच लाकूड साथ सोडतं. शिवाय या झाडाची जंगलात वाट लागलेली आहे, धोक्यात आलेल्या झाडांच्या यादीत आहे. एवढं सगळं करून कुंकवाला परत छिद्रांचा तोच प्रॉब्लेम. परत घेणार नाही.

ऑलिव्ह. इथे माझी तक्रार आहे. चिठ्ठीवर सुकवलेलं लिहिलेलं, हातात घेतल्यावर मात्र थंड आणि जड लागलं, टोकांनाच नाही तर चारी बाजूंनी मेण. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून चिठ्ठीवर तारीख आणि ग्रॅम लिहून ठेवले, दर रविवारी परत वजन, आणि वजन कमी होतच राहिलं, म्हणजे आत पाणी आहे. लाकूड सुकलं की नाही ते ओळखायची ही सगळ्यात सोपी रीत आहे, कुठलंही मीटर लागत नाही, वजन थांबलं की लाकूड तयार. दुकानदाराला लिहिलं तर त्यांनी त्या ठोकळ्याचे पैसे परत केले, भांडावं लागलं नाही, पण चिठ्ठी चुकीची होती हे खरंच आणि नवीन माणसाने तसाच करंडा केला असता तर महिन्याभरात तडा गेला असता. लाकूड म्हणून ऑलिव्ह सुंदर आहे, बारीक पोत, छिद्रं जवळपास दिसत नाहीत, कापताना फळांसारखा गोड वास येतो. पण ते सुकायला वेळ घेतं आणि सुकताना चिरतं. माझा ठोकळा अजून कपाटात आहे. म्हणून आज तरी तारे नाहीत.

पर्पलहार्ट. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, नावाप्रमाणे जांभळं. ताजं कापलं की मळकट तपकिरी-करडं दिसतं आणि लोक घाबरतात की फसवलं, पण हवा आणि उजेड लागला की एक-दोन दिवसांत जांभळं होतं. मी पक्का आकार झाल्यावर पॉलिश लावायच्या आधी खिडकीत ठेवते, बाजू फिरवत फिरवत. पुढे वर्षानुवर्षं ऊन लागलं तर परत तपकिरी होतं, तेव्हा हा जांभळा रंग कायमचा आहे असं समजून कोणाला देऊ नका. लाकूड कडक, टूलची धार लवकर जाते, आणि धार गेली की लाकडातला डिंकासारखा चिकट भाग गरम होऊन टूलला चिकटतो आणि लाकडावर काळे डाग पडतात. धार परत परत करावी लागते. पण झाकण? झाकण उत्तम. इंग्लंडच्या हिवाळ्यात, हीटिंगमध्ये, मग उन्हाळ्यात, तसंच बसतंय. गळ्याची कड स्वच्छ येते. कुंकू लावलेल्या बोटाचा ठसा पुसला की जातो. काम जास्त, निकाल चांगला.

पडाउक. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं. हे आपल्याकडच्या रक्तचंदनाच्या आणि बिबळ्याच्या कुळातलं, आणि ते रंगावरून लगेच पटतं, कापलं की भडक केशरी-लाल. इतका लाल भुसा पडतो की लेथ, एप्रन, नाक सगळं लाल होतं, आणि कुंकवाचा करंडा म्हणून याच्याइतकं साजेसं दुसरं लाकूड नाही असं मला वाटलं. याची खरी गोष्ट रंग नाही, स्थिरपणा आहे. हे लाकूड फारच कमी हलतं. पाकिटातल्या लाकडांत ब्लॅकवुड सोडलं तर याचंच झाकण मी सगळ्यात कमी सैल ठेवू शकले. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. एक, हा रंग उजेडात वर्षभरात तपकिरी होत जातो, देव्हाऱ्यात ठेवला तर जास्त टिकतो, खिडकीत ठेवला तर कमी. दुसरी, लाकडातला लाल रंग स्पिरिटमध्ये आणि अ‍ॅसिटोनमध्ये सुटतो. याच्या शेजारी फिकट लाकडाचा पट्टा लावायचा असेल तर पॉलिशच्या कापडाने लाल रंग त्या फिकट लाकडात ओढला जातो आणि ते परत निघत नाही. म्हणून पडाउक एकट्याचंच करा, जोडकाम नको. छिद्रं मोठी आहेत, पण लाखेचे दोन-तीन हात देऊन भरता येतात, आणि लाकूडही लाल, कुंकूही लाल, म्हणून राहिलं थोडं तरी दिसत नाही.

आणि आफ्रिकन ब्लॅकवुड. पाकिटातला सगळ्यात छोटा तुकडा आणि खरं तर पाकिटाचे निम्मे पैसे याचेच. टांझानिया आणि मोझांबिकमध्ये वाढतं, क्लॅरिनेट, ओबो, बॅगपाइप यांची नळी याच लाकडाची करतात. क्लॅरिनेटमध्ये माणसाचा श्वास, म्हणजे ओलावा, रोज जातो आणि तरी भोकं, जोड आपल्या मापात राहिले पाहिजेत, तेव्हा झाकणासाठी यापेक्षा वेगळं सर्टिफिकेट काय हवं. पाण्यात टाकलं तर बुडतं इतकं जड. पोत इतका बारीक की छिद्रं शोधावी लागतात. टूल धारदार असलं की भुसा पडत नाही, लांब बारीक दोरे निघतात, आणि कापल्याकापल्याच पृष्ठभाग असा येतो की काचपेपर लावायची गरजच वाटत नाही. आणि लावू नका सुद्धा, किंवा लावलाच तर मशीन हळू फिरवून, कागद दाबून न धरता, कारण एवढ्या घट्ट लाकडात घर्षणाची उष्णता बाहेर पडत नाही आणि माथ्यावर केसासारख्या बारीक चिरा पडतात. त्या उजेडात तिरक्या धरल्याशिवाय दिसत नाहीत, पण पॉलिश केलं की लगेच उठून दिसतात. या लाकडात हाताने आटे पण पाडता येतात, म्हणजे फिरवून लावायचं झाकण, इतकी कड टिकते. मी आटे पाडले नाहीत, कारण कुंकवाला रोज फिरवायचं झाकण कोणाला नको, साधं बसवायचं केलं. झाकण लावलं की शेवटचा अर्धा मिलिमीटर ते आपोआप हळूहळू खाली जातं, आतली हवा बाहेर पडत पडत. काढताना तेच उलटं, हलकासा आवाज होऊन निघतं. आईच्या हातात दिल्यावर तिने ते नुसतं उघडझाप करत बसायला सुरुवात केली, हेच माझ्यासाठी पाच तारे.

मुंबई-कोकणात पाठवणाऱ्यांसाठी एक वेगळा मुद्दा, आणि हा मला खूप महत्त्वाचा वाटतो. इथे हिवाळ्यात हीटिंग चालू असलेल्या खोलीत हवा फार कोरडी असते, लाकडात ७-८ टक्केच ओलावा राहतो. तोच करंडा जुलैमध्ये दादरला किंवा मालवणला गेला की १५-१६ टक्क्यांपर्यंत पाणी ओढतो. पावणेदोन इंची गळा असेल तर पडाउकसारख्या शांत लाकडात सुद्धा तो मिलिमीटरच्या अर्ध्या भागाइतका फुगतो, झेब्रानोत तर एक मिलिमीटरच्या वर. झाकण आणि गळा दोन्ही फुगतात म्हणून करंडा लगेच बंद पडत नाही, पण दोघांच्या भिंती वेगळ्या जाडीच्या असतात, पॉलिश आत-बाहेर सारखं नसतं, त्यामुळे दोघांचा वेगही वेगळा, आणि मधल्या काळात झाकण घट्ट बसतं. म्हणून भारतात जाणाऱ्या करंड्याचं झाकण मी इथल्यापेक्षा थोडं सैल ठेवते, इथे हातात घेतल्यावर ते जरा ढिलं वाटतं पण तिकडे गेल्यावर बरोबर होतं. पुण्याच्या उन्हाळ्यात परत ढिलं होईल, ते चालतं, अडकण्यापेक्षा बरं.

पॉलिशबद्दल. करंड्याच्या आत तेल लावू नका, अळशीचं तर नकोच. झाकण बंद राहिल्यामुळे आतला वास जाता जात नाही, आणि तेल नीट सुकलं नसेल तर कुंकू भिंतीला चिकटून बसतं. मी आत-बाहेर लाख वापरते, म्हणजे इथे शेलॅक म्हणून सोनेरी पापुद्र्यांच्या रूपात मिळते ती, स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापडाने लेथवरच लावायची, वर थोडं मेण. हा माल बहुतेक भारतातूनच येतो. सावंतवाडीच्या चितार आळीतले कारागीर किंवा कर्नाटकात चन्नपट्टणचे, ते स्पिरिट वगैरे काही वापरत नाहीत, रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर थेट दाबतात, घर्षणाने लाख वितळून चढते आणि केवड्याच्या पानाने तिला सारखी करून चमक आणतात. तसं करायला तिथे हलकी, बारीक पोताची, फिकट लाकडं घेतात, चन्नपट्टणला काळा कुडा, आणि सगळी शोभा लाखेच्या रंगाची असते. इथे उलटं, शोभा लाकडाची, लाख पारदर्शक. दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत, आणि ज्यांना लाल-पिवळा-हिरवा चकचकीत करंडा हवाय त्यांनी हे पाकीट घेऊच नये, सावंतवाडीचाच घ्यावा, तो हलका असतो आणि त्याला तोड नाही.

धूळ. ही गोष्ट पाकिटावर बारीक अक्षरात सुद्धा नव्हती आणि असायला हवी होती. शिसमाच्या कुळातली लाकडं, म्हणजे ब्लॅकवुड, कोकोबोलो वगैरे, यांच्या भुशाने बऱ्याच लोकांना अ‍ॅलर्जी होते, कातडीवर पुरळ, डोळे सुजणं, दम लागणं. कोकोबोलो यात सगळ्यात बदनाम. पहिल्या वेळी काही होत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात, मग शरीर एकदा बिथरलं की पुढे थोड्याशा धुळीने पण त्रास होतो. चांगला एफएफपी३ मास्क (बारीक धूळ गाळणारा), धूळ ओढायचं मशीन, पूर्ण बाह्यांचा एप्रन, आणि काम झालं की घरात जायच्या आधी कपडे झटका. लहान मुलं असतील तर गॅरेजचं काम गॅरेजमध्येच ठेवा, डायनिंग टेबलावर काचपेपर मारायला बसू नका.

पॅकिंग चांगलं होतं, तीन दिवसांत आलं, चिठ्ठ्या स्पष्ट. एवढंच.

कागदपत्रांचं मात्र जर्मनी, नेदरलँड्समधल्या मंडळींनी लक्षात ठेवा, कारण मला दोघीतिघींनी विचारलं की तुझ्या दुकानातून आम्हाला मागवता येईल का. शिसमाच्या कुळातल्या सगळ्या जाती २ जानेवारी २०१७ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या यादीत आहेत, म्हणजे देशाची सीमा ओलांडताना परवाना लागतो. ब्राझीलचं शिसम तर १९९२ पासूनच पहिल्या यादीत, ते विसराच. आफ्रिकेतलं पडाउक पण फेब्रुवारी २०२३ पासून यादीत आलं. ब्रिटनच्या आत विकत घेतलं तर तुम्हाला काही करावं लागत नाही, पण २०२१ च्या सुरुवातीपासून ब्रिटनमधून युरोपात जाणारं पार्सल हे सीमा ओलांडणारंच धरतात, तेव्हा कच्चा ठोकळा परवान्याशिवाय मागवलात तर कस्टममध्ये अडकेल आणि जप्त पण होऊ शकतो. तयार वस्तूंचं वेगळं आहे, शिसमाच्या तयार वस्तूंना एका पार्सलमध्ये लाकडाचं वजन १० किलोपर्यंत असेल तर सूट आहे, आणि पडाउकची नोंद फक्त ओंडके, कापीव लाकूड, प्लाय अशा मालापुरती आहे. म्हणजे करंडा जाऊ शकतो, ठोकळा नाही. ठोकळे आपापल्या देशातल्या दुकानातूनच घ्या.

मग परत पाकीट घेईन का? नाही. आता मी ब्लॅकवुडचे दोन सुटे तुकडे आणि पडाउकचा एक लांब ठोकळा घेईन, तेवढ्याच पैशांत येतात आणि एकही वाया जात नाही. पाकीट घ्यायचंच तर ते लाकडं ओळखायला म्हणून घ्या, सहा वेगवेगळी लाकडं एकापाठोपाठ एक हाताखालून गेल्याने जे कळतं ते वाचून कळत नाही, तेवढी किंमत मी त्याला देते. आणि पहिले काही करंडे सरळ अ‍ॅश किंवा बीच या साध्या लाकडांच्या स्वस्त तुकड्यात करा, गळ्याचा हात बसू दे, मग महागाला हात लावा.

जे महाराष्ट्रात आहेत त्यांनी तर हे पाकीट बाहेरून मागवायच्या फंदात पडूच नये. तुमच्याकडे शिसवी आहे. ब्लॅकवुड आणि आपली शिसवी एकाच कुळातली, शिसवीचा पोत थोडा जाडा, रंग जांभळट तपकिरी, पण हलण्याच्या बाबतीत ती तितकीच शांत. नवीन लाकूड शोधायची पण गरज नाही. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात, पुण्यात जुन्या बाजारात, मोडलेल्या शिसवी पलंगांचे आणि पाळण्यांचे पाय सुटे मिळतात. ते पाय लेथवरच केलेले असतात, म्हणजे तंतू आपल्याला हवे तसे उभेच, आणि पन्नास-पन्नास वर्षं कुणाच्या तरी घरात मुरलेलं लाकूड असतं, सुकताना जे काही हलायचं ते केव्हाच हलून झालेलं. फक्त लेथवर चढवायच्या आधी पूर्ण पायावरून चुंबक फिरवून घ्या, जोडाजवळ आत तुटलेले खिळे हमखास राहिलेले असतात, आणि वरचं जुनं पॉलिश सगळं उतरवून आतलं लाकूड शिसवीच आहे ना, की सागाला काळं पॉलिश मारलंय, ते विकत घेतानाच एका टोकाला पटाशीने खरवडून बघा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.